राइड चालू, भूत बंद

थीम पार्कमधली एखादी अंधारी राइड घ्या. गाडी वेळेवर सुटते, वळणं घेते, झटके देते, ठरल्या जागी थांबते. सगळं सुरळीत. फक्त ज्या राक्षसासाठी तासभर रांगेत उभं राहिलो, तो एक हात अर्धा वर करून नुसता उभा असतो. धूर यायचा तिथे धूर नाही, पाणी उडायचं तिथे कोरडी तोटी, आणि ज्या पेटीतून सांगाडा उठायचा तिचं झाकण बंदच. पोरं विचारतात, "हे हलत काहून नाही?" मोठ्यांचं उत्तर ठरलेलं असतं: "पैसे घेतले की झालं, मग लक्ष कोण देते?"

मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. चांगल्या पार्कात ज्या माणसांच्या ताब्यात तो राक्षस असतो, त्यांच्याच ताब्यात गाडीचे ब्रेकही असतात. ब्रेक ते रोज सकाळी तपासतात आणि ब्रेक चोख चालतात. एकाच छपराखाली, त्याच हातांखाली ब्रेक ठणठणीत आणि राक्षस महिनोन्‌महिने मेलेला, असं का होतं? कारण ब्रेक बिघडला की राइड थांबते. राक्षस बिघडला तर काहीच थांबत नाही. बाकीची बहुतेक कारणं या एका फरकाला येऊन मिळतात, म्हणून आधी तो फरक नीट पाहू.

रोलर कोस्टरचा रूळ तुकड्यांमध्ये वाटलेला असतो. त्या तुकड्याला ब्लॉक म्हणतात. नियम असा की एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. गाडी कुठे आहे ते सेन्सर कळवतात आणि पुढचा ब्लॉक मोकळा असल्याची खात्री पटल्याशिवाय कंट्रोलर, म्हणजे राइड चालवणारा संगणक, मागची गाडी सोडत नाही. एखाद्या सेन्सरवर जरा शंका आली तरी सगळं जागच्या जागी थांबतं. बऱ्याच कोस्टरचे ब्रेकसुद्धा असेच बनवलेले असतात: स्प्रिंगच्या जोरावर ते कायम दाबलेलेच असतात आणि कॉम्प्रेसरची हवा आली की सुटतात. हवेचा पाइप फुटला, वीज गेली, कॉम्प्रेसर बसला, काहीही झालं तरी परिणाम एकच, ब्रेक लागतात. बिघाड म्हणजे थांबणं, अशी सगळी रचना. आणि राइड थांबली की रांग उन्हात अडकते, मॅनेजरचा फोन वाजायला लागतो आणि दुरुस्ती त्याच मिनिटाला सुरू होते.

आता त्याच कॉम्प्रेसरची हवा दुसऱ्या एका पाइपाने सांगाड्याच्या पेटीकडे जाते. तो पाइप फुटला तर झाकण उघडत नाही, इतकंच. गाडी पेटीसमोरून निघून जाते. कुठे दिवा लागत नाही, घंटी वाजत नाही. बऱ्याचदा कंट्रोलरला पत्ताच नसतो, कारण तो फक्त "उघड" असा हुकूम सोडतो, झाकण खरंच उघडलं का हे सांगणारा सेन्सर तिथे बसवलेलाच नसतो. बसवला तर खर्च वाढतो, आणि बिघडायला आणखी एक वस्तू तयार होते. ज्या बिघाडाची बातमी कुणालाच मिळत नाही, तो दुरुस्त व्हायला वेळ लागतोच.

नागपुरात पावसाळ्यात भरलेल्या एका मेळ्यातल्या भूतबंगल्याची मागची बाजू मला पाहायला मिळाली होती. समोरून काळं कापड, मागून उघडी प्लायवूडची पाठ. त्या पाठीला हाताच्या पंजाएवढा एक व्हॉल्व्ह ठोकलेला, त्यातून निघालेले दोन निळे पाइप, आणि पाइपांच्या टोकाला कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढा सिलिंडर. सिलिंडरचा दांडा बाहेर आला की पेटीचं झाकण वर जातं. बटण दाबलं की व्हॉल्व्हमधून "टक" असा आवाज यायचा, झाकण मात्र हलायचं नाही. तिथल्या पोराने पाइप उपसून टोकावर तळहात धरला आणि पुन्हा बटण दाबलं. हवेबरोबर दुधाळ पाण्याचे थेंब उडाले. "पाणी येऊन राह्यलं ना दादा लाइनीत," तो म्हणाला आणि हात पँटला पुसला.

हे पाणी कुठून बाहेरून शिरलेलं नसतं. हवा दाबली की तापते, टाकीत आणि पाइपात ती निवते, आणि निवताना तिच्यातला ओलावा पाणी होऊन बाहेर पडतो. जुलै-ऑगस्टमधल्या नागपूरच्या हवेत हा ओलावा भरपूर असतो. टाकीच्या तळाचा कॉक रोज उघडून ते पाणी काढावं लागतं, किंवा हवा वाळवणारा ड्रायर लावावा लागतो. ड्रायर महाग, आणि कॉक उघडायचं काम गर्दीच्या दिवशी राहून जातं. मग पाणी व्हॉल्व्हमध्ये पोहोचतं, आतलं ग्रीस धुऊन नेतं, कॉम्प्रेसरच्या तेलाशी मिसळून चिकट लगदा करतं आणि आतली सरकणारी दांडी अडकते. घरातल्यासारख्या एसी विजेवरचा व्हॉल्व्ह असेल तर पुढचा टप्पा आणखी वाईट: दांडी अडकली की ती ओढणारी तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, जास्त करंट ओढत राहते आणि जळते. व्हॉल्व्हचं आयुष्य कारखाने लाखो-कोट्यवधी वेळा उघडझाप अशा हिशेबाने सांगतात, पण तो हिशेब कोरड्या आणि गाळलेल्या हवेचा असतो. त्या पोराने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने व्हॉल्व्हवर दोन टोले दिले, झाकण उघडलं, आणि संध्याकाळपर्यंत परत बसेल हेही त्यानेच सांगितलं.

दुसरं कारण आहे वापराचं प्रमाण. ते समजायला गणपतीतल्या हलत्या देखाव्यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. नागपूरच्या महाल-इतवारीत अशा देखाव्यांपुढे आपण सगळेच लहानपणी उभे राहिलो आहोत. कंसाचा हात खाली येतो, देवी आकाशात जाते, आणि हे सगळं चालवायला आत बऱ्याचदा जुन्या गाडीची वायपरची मोटर, एक वाकडी पट्टी आणि सायकलची चेन असते. हा देखावा दहा दिवस चालतो, रोज संध्याकाळचे पाच तास धरू. अर्ध्या मिनिटाला एकदा हात हलला तर दहा दिवसांत सहा हजार वेळा. आता राइडचं भूत घ्या. दर अर्ध्या मिनिटाला एक गाडी, दिवसाचे दहा तास, म्हणजे रोज १,२०० वेळा. देखाव्याचं सगळं आयुष्य हे भूत पाच दिवसांत संपवतं. वर्षाला ३०० दिवस धरले तर ३ लाख ६० हजार वेळा. देखावा मधेच अडकला तर कार्यकर्ता मागे जाऊन हाताने सोडवतो. राइडमध्ये भुताजवळ माणूस जायचा तर आधी राइड बंद करावी लागते.

एवढ्या हालचालीत आधी काय जातं? सगळ्यांना वाटतं मोटर. मोटर बहुतेक वेळा टिकते. जाते ती कोपरातून नेलेली वायर. हात वाकताना ती रोज हजारभर वेळा एकाच जागी वाकते, वरचं आवरण शाबूत राहतं आणि आतल्या तांब्याच्या तारा एकेक करून तुटत जातात. मग हात वर असताना जोड तुटतो, खाली आला की पुन्हा लागतो. रात्री मिस्त्री मीटर घेऊन येतो तेव्हा भूत हात खाली करून उभं असतं आणि वायर चांगली दिसते. हा बिघाड सगळ्यात चिवट. त्याच्या मागोमाग जातात ती सिलिंडरमधली रबरी सीलं, आणि सिलिकॉनची कातडी, जी ओठांच्या कोपऱ्यांत आणि काखेत फाटते. फाटलेल्या कातडीतून लोखंडी सांगाडा दिसायला लागला की पार्क स्वतःच त्या पुतळ्यावरचा दिवा मालवतं.

पुतळा कशाच्या जोरावर हलतो यावरही बरंच ठरतं. डिस्नेलँडमधले १९६३ चे गाणारे पक्षी हवेवर हलत. हवा हलक्या कामाला चांगली, गळली तरी डाग पडत नाही, पण ती दबते, त्यामुळे जड हात एका जागी अलगद थांबवणं तिला जमत नाही. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात डिस्नेने उभा राहून भाषण करणारा लिंकन आणला, त्यात हवेच्या जोडीला दाबाखालचं तेल वापरलं होतं. तेलात ताकद प्रचंड, हालचाल ठाम, पण जिथे जोड तिथे आज ना उद्या गळती, आणि खाली महागडा पोशाख. आता कल विजेच्या मोटरांकडे आहे. तेल नाही, डाग नाहीत, हालचाल माणसासारखी नाजूक. मात्र अशा एका पुतळ्यात डझनांनी मोटरा, तितकेच गिअर आणि तितकेच स्थिती सांगणारे सेन्सर. त्यातला एक चुकला तरी हात भलत्या जागी जाऊ नये म्हणून पुतळा आपोआप बंद पडतो.

फ्लोरिडातल्या डिस्ने अ‍ॅनिमल किंगडममध्ये २०१७ साली सुरू झालेल्या 'नावी रिव्हर जर्नी' या बोटीच्या राइडमध्ये शेवटी एक गाणारी शामन, म्हणजे मांत्रिक बाई, बसलेली आहे. विजेवर चालणाऱ्या सगळ्यात तरल पुतळ्यांमध्ये तिची गणना होते. ती दुरुस्तीला गेली की त्याच जागी पडद्यावर तिची चित्रफीत दाखवतात आणि बोटी चालूच राहतात. अशा पर्यायी सोयीला तिकडे 'बी मोड' म्हणतात. मुख्य इफेक्ट बंद पडला तर काय दाखवायचं हे राइड बांधतानाच ठरवून ठेवायचं. ही सोय मला प्रामाणिक वाटते. प्रवाशाला काळोखात रिकामी जागा दिसत नाही. पण तिची दुसरी बाजूही आहे: पर्याय चांगला असला की मूळ वस्तू दुरुस्त करायची घाई आणखी कमी होते.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण त्याच पार्कात आहे आणि त्यावर थोडं थांबायला हवं. 'एक्स्पिडिशन एव्हरेस्ट' ही राइड एप्रिल २००६ मध्ये सुरू झाली. साधारण २०० फूट उंच कृत्रिम डोंगर, त्यातून धावणारी गाडी, आणि शेवटाकडे गाडीवर झेप घेणारा सुमारे २५ फुटी यती. यतीची झेप हायड्रॉलिक जोराची होती, खरोखर थरकाप उडवणारी. राइड सुरू होऊन फार काळ लोटला नाही तोच ही झेप बंद करावी लागली. एवढं वजन एवढ्या वेगाने पुढे फेकायचं आणि झटक्यात थांबवायचं, त्याचा प्रत्येक धक्का खालच्या आधाराने सोसायचा, आणि तो आधार तो सोसायला कमी पडत होता. तेव्हापासून यती हलत नाही. त्याच्यावर लखलखता स्ट्रोब दिवा टाकतात, त्यामुळे तो हलल्याचा भास होतो. चाहते त्याला 'डिस्को यती' म्हणतात.

मग वीस वर्षांत तो दुरुस्त का झाला नाही? पैसा नाही म्हणून? डिस्नेकडे? अडचण जागेची आहे. डोंगराचं कवच, गाडीचा रूळ आणि यतीचा आधार हे तीन सांगाडे एकमेकांत गुंतलेले, तरी एकमेकांना न टेकता उभे केलेले आहेत. यती डोंगराच्या पोटात, उंच बुरुजावर. त्याचा पाया मजबूत करायचा तर क्रेन आत न्यावी लागेल, म्हणजे डोंगर फोडावा लागेल, रूळ बाजूला घ्यावा लागेल आणि पार्कातली अतिशय लोकप्रिय राइड दीर्घकाळ बंद ठेवावी लागेल. राइडचे मुख्य रचनाकार जो रोडी यांनी २०१३ मध्ये चाहत्यांसमोर यती दुरुस्त करण्याचा शब्द दिला होता. पूर्ण झालेल्या इमारतीच्या मधोमध, बुरुजावर बसलेलं हे अवाढव्य यंत्र आहे, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. ते निवृत्त झाले, यती अजून तसाच आहे. यंत्र बनवताना ते बाहेर कसं काढायचं याचा विचार झाला नाही तर जगातल्या सगळ्यात श्रीमंत पार्कालाही पुढे काही करता येत नाही, हे यावरून दिसतं. मिस्त्रीला उभं राहायला दोन फूट जागा आणि यंत्र सरकवून काढायला एक दार, या दोन गोष्टी नकाशावर सगळ्यात आधी कापल्या जातात, कारण त्या प्रेक्षकाला दिसत नाहीत.

पाण्यातली यंत्रं तर याहून कठीण. १९७५ च्या 'जॉज' चित्रपटाच्या वेळी यांत्रिक शार्कची चाचणी गोड्या पाण्यात झाली होती. समुद्रात उतरवल्यावर खाऱ्या पाण्याने ती पुन्हापुन्हा बंद पडली. युनिव्हर्सलने १९९० मध्ये फ्लोरिडात त्याच शार्कची राइड उघडली, तीही सततच्या बिघाडांमुळे काही महिन्यांत बंद करावी लागली. नव्याने आखून ती १९९३ मध्ये परत सुरू झाली आणि २०१२ च्या जानेवारीपर्यंत चालली. नव्या आराखड्यात शार्कच्या हालचाली सोप्या केल्या होत्या. दिखाऊपणा थोडा कमी करून टिकाऊपणा घेणं, हा सौदा मला दर वेळी योग्य वाटतो.

आता आपल्याकडे येऊ. नागपूरच्या आसपास मोठी वॉटर पार्क आणि मनोरंजन पार्क आहेत, शिवाय मॉलमधले गेम झोन आणि सुट्ट्यांमधले मेळे. या सगळ्यांना आपल्या हवामानाची गाठ पडते. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. पत्र्याच्या शेडमध्ये, वर टांगलेल्या प्रोजेक्टरजवळ तो आणखी चढतो. सर्वसाधारण प्रोजेक्टर ४० अंशांपर्यंतच्या हवेत चालायला बनवलेला असतो. त्यापलीकडे तो स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. फिल्टरमध्ये धूळ बसली असेल तर त्याच्याही आधी. म्हणून दुपारी तीनला न दिसलेला ड्रॅगन रात्री आठला दिसतो, आणि दोन्ही वेळचे प्रवासी एकमेकांना खोटं ठरवतात. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर त्याचा दिवाच मुळात काही हजार तासांचा. रोज दहा तास जळला की वर्षभरात बदलायची वेळ येते, आणि बदलेपर्यंत चित्र हळूहळू इतकं अंधुक होत जातं की रोज पाहणाऱ्या ऑपरेटरच्या ते लक्षातही येत नाही.

धूळ सेन्सरलाही आंधळं करते. गाडी आली हे ओळखणारा डोळा म्हणजे बऱ्याचदा एक प्रकाशकिरण आणि तो परतवणारी समोरची चकती. त्यावर उन्हाळ्यातल्या वावटळीची माती बसली की इफेक्टला गाडी आल्याचं कळतच नाही. कधी इफेक्ट चालतो, पण उशिरा. त्याचं कारणही गमतीचं आहे: सकाळी ग्रीस घट्ट असतं म्हणून गाडी जरा हळू, दुपारी ते पातळ होतं आणि गाडी वेगात जाते. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी यांचाही वेग सारखा नसतो. ठरलेल्या सेकंदांवर बांधलेला इफेक्ट मग कधी तुमच्या समोर उडतो, कधी पाठीमागे.

पाण्याच्या इफेक्टचा शत्रू म्हणजे क्षार. शहराबाहेरच्या जागांना बोअरवेलचं जड पाणी वापरावं लागतं. तुषार उडवणाऱ्या नोझलचं छिद्र मिलिमीटरहून कितीतरी लहान असतं, त्यात पांढरा थर बसला की आधी फवारा वाकडा होतो आणि मग बंद. धुराच्या यंत्रात ग्लायकॉल आणि शुद्ध पाण्याचं मिश्रण तापलेल्या ठोकळ्यातून जातं. पैसे वाचवायला त्यात नळाचं पाणी ओतलं की तो ठोकळा आतून बुजतो, आणि बुजलेला ठोकळा साफ करण्यापेक्षा नवा घेणं सोपं पडतं.

यात वेळापत्रकाची एक अडचण आहे, आणि ती मला सगळ्यात अन्यायाची वाटते. आपल्याकडे पार्कांचा कमाईचा काळ एप्रिल ते जून. यंत्रांचे सगळ्यात जास्त हाल होतात तेही याच काळात. ज्या महिन्यांत इफेक्ट मरतात त्याच महिन्यांत राइड एक दिवसही बंद ठेवता येत नाही. रात्री पार्क बंद झाल्यावर सकाळ होईपर्यंत जो वेळ मिळतो त्यात आधी रूळ, चाकं, ब्रेक, कमरेवरचे दांडे तपासायचे. हा क्रम बदलता कामा नये. भुताची पाळी शेवटची, आणि तोवर पहाट झालेली असते. मग "पावसाळ्यात पाहू" असं ठरतं. पावसाळ्यात वेळ मिळतो, तेव्हा त्या भूतबंगल्यासारखं पाइपात पाणी झालेलं असतं.

काही इफेक्ट मुद्दाम बंद केलेले असतात आणि त्याबद्दल तक्रार करू नये. २२ एप्रिल २०२३ च्या रात्री कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये 'फँटॅस्मिक' या शोमधला ४५ फुटी ड्रॅगन प्रेक्षकांसमोर पेटला. प्रेक्षकांपैकी कुणाला इजा झाली नाही, पण त्यानंतर कंपनीने इतर पार्कांमधले तसे आगीचे इफेक्टही काही काळ थांबवले, आणि तो शो २०२४ मध्ये परत आला तेव्हा त्यात ड्रॅगन नव्हता. आपल्याकडे २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेम झोनमध्ये आग लागली आणि लहान मुलांसह कितीतरी माणसं गेली. ती इफेक्टची आग नव्हती. तरी बंद जागेत रबर, फोम, प्लायवूड आणि कापड एकत्र असलं की ठिणगी काय करते हे तिने दाखवलं. अंधाऱ्या राइडमध्ये हेच सगळं साहित्य असतं. धुराच्या यंत्रामुळे धूर ओळखणारा अलार्म सारखा वाजत असेल तर यंत्र बंद करायचं, अलार्म कधीच नाही. एखाद्या पार्काने वारा जास्त आहे म्हणून ज्वाला लावली नाही किंवा धूर थांबवला, तर त्या ऑपरेटरचे आभार मानावेत.

आणखी एक कारण बाहेरच्यांना दिसत नाही: राइड बनवणारा आणि चालवणारा वेगळा असतो. इफेक्टचा प्रोग्रॅम कंट्रोलरमध्ये असतो, त्याला पासवर्ड असतो, आणि पासवर्ड बनवणाऱ्याकडे. तो माणूस नोकरी सोडून जातो, कंपनी बंद होते, त्या कंट्रोलरचं उत्पादन थांबतं. मग इथल्या हुशार इलेक्ट्रिशियनलाही झाकण कुठल्या सिग्नलने उघडतं ते कळायला मार्ग नसतो. तो शेवटी कंट्रोलर बाजूला ठेवतो आणि साधा टायमर लावतो. झाकण उघडतं, पण गाडी समोर असो-नसो, दर वीस सेकंदांनी. माझ्या मते पैसे देताना प्रोग्रॅमची प्रत, वायरिंगचा नकाशा आणि पासवर्ड हातात मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊच नये.

सरकारी पैशाच्या कामात ही गोष्ट जास्त बोचते. बांधकामाचा निधी मोठा असतो, उद्घाटन होतं, कंत्राटदाराचा दोषदायित्व कालावधी (बिघाड त्यानेच स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) चालू असेपर्यंत सगळं हलतं, आणि तो संपला की देखभालीसाठी वेगळी निविदा, वेगळं वर्ष, वेगळा विभाग. इफेक्ट बसवण्याइतकाच तो हलता ठेवण्याचाही खर्च दरवर्षी करावा लागतो. तो मूळ करारातच दहा वर्षांसाठी लिहिलेला असावा. आणि यंत्र वापरात नाही म्हणून ते सुरक्षित आहे असंही नाही. फुटाळा तलावावरच्या संगीत कारंज्याचे चाचणीचे खेळ २०२२ मध्ये नागपूरकरांनी पाहिले, नंतर तलावावरच्या बांधकामाचा वाद न्यायालयात गेला. वादाचा निकाल काहीही असो, पाण्यात बसवलेलं कुठलंही यंत्र नुसतं पडून राहिलं तरी झिजतं: सील आकसतात, पंपाची पाती जाम होतात, नोझलमध्ये शेवाळ भरतं, दिव्यांच्या जोडांत पाणी शिरतं. अशी यंत्रं प्रेक्षक नसले तरी ठराविक दिवसांनी थोडा वेळ चालवावीच लागतात, आणि त्या चालवण्याचं बिल कुणीतरी भरावं लागतं.

मग टिकतं काय? ज्यात हलणारं कमी, ते. १८६२ मध्ये लंडनच्या एका सभागृहात जॉन हेन्री पेपर यांनी रंगमंचावर भूत दाखवलं. मूळ कल्पना हेन्री डर्क्स यांची. प्रेक्षक आणि रंगमंच यांच्यामध्ये मोठी स्वच्छ काच, आणि प्रेक्षकांना न दिसणाऱ्या जागी प्रखर उजेडात एक नट. काचेत त्याचं प्रतिबिंब पडतं, पण मागचा रंगमंचही दिसत राहतो, म्हणून पारदर्शक भूत मंचावर फिरताना दिसतं. उजेड मंद केला की भूत विरतं. डिस्नेलँडच्या 'हाँटेड मॅन्शन'मध्ये १९६९ पासून नाचणारी भुतं याच युक्तीने दिसतात. काच थकत नाही, गळत नाही, तिला पासवर्ड नाही. ती पुसायची आणि दिवे बदलायचे. आपल्या एखाद्या पार्काला कमी पैशात चांगला भूतबंगला करायचा असेल तर परदेशी रोबो मागवण्याआधी इथल्या काचवाल्याकडून एक मोठी टफन (तापवून कडक केलेली) काच घ्यावी, असं मी मनापासून सुचवेन.

प्रवासी म्हणून आपणही एक काम करू शकतो. राइड चालवणारा दिवसभर फलाटावर उभा असतो. आत कुठलं भूत बंद आहे हे त्याला बहुधा आपल्याकडूनच कळणार. उतरताना "सगळं बंदच आहे तुमचं" म्हटलं तर त्याच्या हाती काही लागत नाही. जागा सांगा: दुसऱ्या वळणानंतर डावीकडची पेटी. आणि काय ऐकलं-पाहिलं तेही सांगा. "टक" आवाज येतो पण काहीच हलत नाही, तर हवा किंवा व्हॉल्व्ह पाहायचा. आवाजही नाही आणि हालचालही नाही, तर वायर, कॉइल किंवा सेन्सर. हलतं पण गाडी पुढे गेल्यावर, तर सेन्सरची काच पुसायची किंवा वेळ परत बांधायची. आवाज आणि दिवे चालू पण चित्र नाही, तर प्रोजेक्टर तापलाय, फिल्टर पाहा. रात्रीच्या पाळीत मिस्त्रीला मोजका वेळ मिळतो. कुठलं झाकण उघडून पाहायचं हे आधीच कळलं असेल, तर पहाटेपर्यंत निदान एक तरी भूत हलतं होतं.